इलिनॉयमध्ये आई-बाबांच्या म्हातारपणाची सोय: कुठे, किती पैशांत आणि कोणत्या क्रमाने

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा केंद्र सरकारचा आरोग्य विमा, म्हातारपणी राहण्याचा खर्च देत नाही. असिस्टेड लिव्हिंगचं भाडं देत नाही, रोज आंघोळ घालायला येणाऱ्या बाईचे पैसे देत नाही, नर्सिंग होममधला (इथे हे हॉस्पिटल नव्हे, चोवीस तास नर्स असलेली राहण्याची जागा) कायमचा मुक्काम तर नाहीच देत. एवढं पहिल्या दिवशीच डोक्यात पक्कं बसलं, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

हा लेख शिकागोच्या आसपास, नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि आई-बाबांना (किंवा सासू-सासऱ्यांना) ग्रीन कार्डावर आणलेल्या मराठी घरांसाठी आहे. माझ्या सासूबाईंच्या निमित्ताने आम्ही या सगळ्यातून गेलो. नियम इलिनॉयचे आहेत. शेजारच्या इंडियानात किंवा विस्कॉन्सिनमध्ये योजनांची नावं आणि मर्यादा वेगळ्या, म्हणून तिकडच्या चुलतभावाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नका.

बहुतेक जण सुरुवात उलटीकडून करतात. रविवारी एखादी झुंबर लटकवलेली लॉबी बघून येतात, तिथली कॉफी-बिस्किटं खातात, आणि घरी आल्यावर पैशांचा विचार करतात. आधी कागद, मग गरज, मग पैसा, आणि इमारत सगळ्यात शेवटी, असं चाला.

## १. ग्रीन कार्डावरची तारीख बघा

कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' अशी तारीख छापलेली असते. सगळं गणित तिथून सुरू होतं.

पहिली पाच वर्षं: मेडिकेअर नाही, आणि अगदी आणीबाणीची वेळ सोडली तर मेडिकेडही (कमी उत्पन्न-मालमत्ता असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) नाही. आरोग्य विमा 'गेट कव्हर्ड इलिनॉय' या राज्याच्या बाजारातून घ्यावा लागतो. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ६० दिवसांत घेतला तर बरं, नाहीतर वार्षिक नोंदणीची वाट बघत बसावं लागतं. सबसिडी घराच्या उत्पन्नावर ठरते. तुम्ही टॅक्स भरताना आई-बाबांना डिपेंडंट दाखवत असाल, तर तुमचाच पगार मोजला जातो. ६५ वर्षांवरच्या स्थलांतरितांसाठी राज्याने डिसेंबर २०२० मध्ये एक योजना सुरू केली होती. कार्यक्रमात भेटलेलं कुणीतरी तिचं नाव हमखास सांगतं. तिची नवीन नोंदणी नोव्हेंबर २०२३ पासून बंद आहे, तिच्यामागे धावू नका.

पाच वर्षांनंतर: वय ६५ पूर्ण असेल तर मेडिकेअर विकत घेता येतं. इथे नोकरीची ४० क्वार्टर्स (साधारण दहा वर्षं) भरलेली नसतील तर पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) साठीही हप्ता पडतो, पार्ट बी (डॉक्टर, तपासण्या) साठी तर पडतोच. २०२५ साली पार्ट ए चा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बी चा १८५ डॉलर होता. म्हणजे माणशी ७०३ आणि दोघांचे १,४०६ डॉलर. आकडे दर जानेवारीत बदलतात. नवरा किंवा बायकोची क्वार्टर्स चालतात, मुलाची नाही. "मी इथे वीस वर्षं टॅक्स भरतोय" याचा आईच्या मेडिकेअरला काहीही उपयोग नाही.

इथे दोन सापळे आहेत. नोंदणीची खिडकी सात महिन्यांची असते: पाच वर्षं पूर्ण होण्याच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. ती चुकली तर पार्ट बी च्या हप्त्यावर दर पूर्ण वर्षाच्या उशिराला १० टक्के दंड बसतो आणि तो जन्मभर राहतो. दुसरं म्हणजे पाच वर्षं सलग राहिलेली लागतात. थंडी पडली की पुण्याला जायचं आणि गणपती झाल्यावर परतायचं, ही आपल्याकडची ठरलेली वहिवाट. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की प्रश्न विचारले जातात. प्रत्येक फेरीच्या जाण्यायेण्याच्या तारखा लिहून ठेवा, जुने पासपोर्ट टाकू नका.

नागरिकत्व: पाच वर्षं झाली की अर्ज कराच, कारण एसएसआय हा केंद्र सरकारचा मासिक भत्ता बहुतेकांना त्यानंतरच मिळू शकतो. स्मरणशक्तीच्या आजारामुळे इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा शक्य नसेल, तर डॉक्टरांनी भरायचा एन-६४८ हा फॉर्म असतो.

## २. गरज मोजा, अंदाज करू नका

अमेरिकेतली प्रत्येक योजना, प्रत्येक विमा कंपनी आणि प्रत्येक संस्था त्याच सहा गोष्टी विचारते: आंघोळ, कपडे घालणं, जेवण तोंडापर्यंत नेणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत उठून बसणं, मलमूत्रावर ताबा. त्याखाली दुसरी यादी: स्वयंपाक, औषधं, पैशांचे व्यवहार, फोन, खरेदी, बाहेर जाणं-येणं.

दोन आठवडे एक वही ठेवा. कोणती गोष्ट स्वतः करतात, कशाला हात द्यावा लागतो, काय पूर्ण तुम्ही करता, रात्री किती वेळा उठतात, गॅस चालू राहिला का, पडणं झालं का. पडणं झालं असेल तर तारीख, वेळ, जागा. ही वही पुढे डॉक्टर, सोशल वर्कर आणि विमा कंपनी या तिघांनाही दाखवता येते.

## ३. पर्याय कोणते

घरीच, मदतनीस लावून. बहुतेक मराठी घरांची सुरुवात इथूनच होते.

अॅडल्ट डे सेंटर. सकाळी गाडी घ्यायला येते, दुपारी सोडते, मधे जेवण, व्यायाम, गप्पा. शिकागोत देवॉन अव्हेन्यूच्या भागात आणि उपनगरांतही भारतीय जेवण देणारी, हिंदी-गुजराती बोलणारी केंद्रं आहेत. मराठी मंडळी तिथे संख्येने कमी, पण वरण-भात मिळतो आणि पत्ते खेळायला चौघं जमतात. माझ्या मते नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात कामाचा पर्याय हाच.

इंडिपेंडंट लिव्हिंग. ५५ किंवा ६२ वर्षांवरच्यांसाठी अपार्टमेंट. मदत जवळपास शून्य. हिंडत्या-फिरत्या लोकांसाठी.

असिस्टेड लिव्हिंग. स्वतःची खोली, तीन वेळा जेवण, औषधं, आंघोळीला मदत. परवाना राज्याच्या आरोग्य खात्याचा. १६ किंवा त्याहून कमी लोकांच्या लहान घरांना इलिनॉयच्या कायद्यात 'शेअर्ड हाउसिंग' म्हणतात. वरच्या सहांपैकी दोन किंवा अधिक गोष्टींसाठी माणूस पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर कायद्याने असिस्टेड लिव्हिंगला त्याला घेता येत नाही. म्हणजे 'आता इथे ठेवू, पुढचं पुढे बघू' म्हणताना ते 'पुढे' कुठे, हे आजच विचारून ठेवा.

सपोर्टिव्ह लिव्हिंग. हा खास इलिनॉयचा मेडिकेड कार्यक्रम. दिसायला असिस्टेड लिव्हिंगसारखंच, पण सेवांचा खर्च मेडिकेड देतं. तपशील सहाव्या पायरीत.

मेमरी केअर. डिमेन्शियासाठी कुलूपबंद विभाग. असिस्टेड लिव्हिंगपेक्षा महाग.

नर्सिंग होम. चोवीस तास नर्स.

लाइफ प्लॅन कम्युनिटी. एकाच आवारात वरचे सगळे टप्पे. बहुतेक ठिकाणी आत शिरतानाच भरभक्कम प्रवेश शुल्क आणि वर मासिक हप्ता. चांगली तब्येत असतानाच घेतात. ज्यांनी इथेच घर घेतलं, विकलं, निवृत्त झाले त्यांच्यासाठी. आपल्या आई-बाबांपेक्षा आपल्याच पिढीच्या कामाचं.

## ४. महिन्याचा हिशेब

जेनवर्थ ही विमा कंपनी आणि तिची केअरस्काउट यांच्या २०२४ च्या देशभरच्या पाहणीतले मध्यम दर असे होते:

- घरकाम, स्वयंपाक, सोबत यासाठी एजन्सीची मदतनीस: तासाला ३३ डॉलर
- अॅडल्ट डे सेंटर: दिवसाला १०० डॉलर
- असिस्टेड लिव्हिंग: महिन्याला ५,९०० डॉलर
- नर्सिंग होम, दोघांत एक खोली: महिन्याला सुमारे ९,२८० डॉलर
- नर्सिंग होम, स्वतंत्र खोली: महिन्याला सुमारे १०,६५० डॉलर

तुमच्या गावातला दर फोन करूनच विचारा. पण यातून एक कामाचा आडाखा निघतो. ५,९०० ला ३३ ने भागलं की जवळपास १८० तास येतात, म्हणजे रोजचे सहा. एका माणसाला रोज सहा तासांपर्यंत मदत पुरत असेल तर घरी ठेवणं स्वस्त. त्यावर गेलं की असिस्टेड लिव्हिंग स्वस्त पडायला लागतं. चोवीस तास माणूस घरी लावला तर महिन्याला २३,७६० डॉलर! हा आकडा ऐकून भाऊ-बहिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची 'आईला घरीच ठेवू' ही चर्चा एकदम जमिनीवर येते.

ओळखीतल्या एखाद्या मावशींना रोख पैसे देऊन ठेवायची पद्धत आहे. स्वस्त पडतं, पण कायद्याने तुम्ही त्यांचे मालक होता. २०२५ साली वर्षाला २,८०० डॉलर किंवा अधिक मजुरी दिली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर भरणं बंधनकारक होतं. त्या तुमच्या घरात बर्फावरून घसरून पडल्या तर विमा आहे का, हेही तपासा.

## ५. घरपोच सरकारी मदत: कम्युनिटी केअर प्रोग्राम

इलिनॉयच्या वृद्ध विभागाचा हा कार्यक्रम ६० वर्षांवरच्या नागरिकांसाठी आणि कायदेशीर रहिवाशांसाठी आहे. घरी मदतनीस, डे सेंटर, पडल्यावर दाबायचं बटण, वेळेवर औषध देणारं यंत्र अशा सेवा मिळतात. राहतं घर आणि गाडी सोडून मालमत्ता १७,५०० डॉलरच्या आत असावी लागते. सुरुवात एका फोनने होते: सीनियर हेल्पलाइन, १-८००-२५२-८९६६. ते तुमच्या भागातल्या केअर कोऑर्डिनेशन युनिटशी जोडून देतात आणि तिथली बाई घरी येऊन 'डिटर्मिनेशन ऑफ नीड' नावाची तपासणी करते. किमान २९ गुण लागतात.

आपल्याकडचा घोळ नेमका या भेटीत होतो. पाहुणी येणार म्हणून आई सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून बसते. "स्वयंपाक करता का?" "हो, करते की." सहा महिने गॅस पेटवलेला नसतो. "औषधं स्वतः घेता?" "घेते." डबी तुम्ही भरता. वर चहा घेण्याचा आग्रह करायला उठते आणि खुर्चीला धरून उभी राहते, ते पाहुणीच्या लक्षातही येत नाही. गुण २९ च्या खाली, अर्ज नामंजूर.

यावर उपाय आधीच करायचा. आदल्या दिवशी आईशी शांतपणे बोला: ही परीक्षा पास व्हायची नाही, तुझं दुखणं सांगायचंय. भेटीच्या वेळी शेजारी बसा, वही पुढे करा. दुभाषी मागताना 'हिंदी चालेल' म्हणू नका, मराठीच मागा. फोनवरचा मराठी दुभाषी मिळतो आणि तो मोफत असतो. नकार आला तर अपील करता येतं, पत्रावर मुदत लिहिलेली असते.

एजन्सी कुटुंबातल्या माणसालाही मदतनीस म्हणून नोकरीवर घेऊ शकते. घरी असलेली सून किंवा लेक यांनी हे जरूर विचारावं.

## ६. मेडिकेड, सपोर्टिव्ह लिव्हिंग आणि पुण्याचा फ्लॅट

इलिनॉयमध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेडची मालमत्तेची मर्यादा १७,५०० डॉलर आहे. आपले लोक इथेच अडकतात, कारण मालमत्ता म्हणजे जगात कुठेही असलेली. कोथरूडचा फ्लॅट, बँकेतली एफडी, पोस्टातली बचत, गावच्या जमिनीतला हिस्सा, सगळं सांगावं लागतं. 'इथे काय कळतंय' म्हणून लपवणं म्हणजे सरळ फसवणूक. एकूण परदेशी खाती वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील, तर त्यांची माहिती ग्रीन कार्डवाल्या आई-बाबांनी अमेरिकी सरकारला तशीही द्यायची असते.

"मग फ्लॅट दादाच्या नावावर करून टाकू." थांबा! नर्सिंग होम किंवा तशा दीर्घकालीन सेवेसाठी अर्ज केला की मागच्या पाच वर्षांतले व्यवहार तपासतात. फुकट किंवा कमी किमतीत दिलेली मालमत्ता सापडली, तर तेवढ्या किमतीच्या हिशेबाने काही महिने मेडिकेड पैसे देत नाही. बक्षीसपत्र करण्याआधी एल्डर लॉ करणाऱ्या वकिलाची एक बैठक घ्या. या सगळ्या प्रवासात वकिलाच्या फीइतके सत्कारणी लागलेले पैसे दुसरे नाहीत.

सपोर्टिव्ह लिव्हिंगला आणखी एक अट आहे: रहिवाशाचं स्वतःचं उत्पन्न किमान एसएसआयइतकं हवं. २०२५ साली एकट्या माणसासाठी ते महिन्याला ९६७ डॉलर होतं. त्यातली एक ठरावीक रक्कम हातखर्चाला ठेवून बाकी राहण्या-जेवण्याला जातात, सेवांचे पैसे मेडिकेड देतं. भारतातली पेन्शनही उत्पन्नात धरतात. ज्या आईला पेन्शन नाही आणि नागरिकत्व नाही, तिच्यासाठी हा रस्ता सहसा बंद असतो. पहिल्या पायरीत नागरिकत्वावर एवढा जोर दिला तो यासाठी.

तुम्ही आई-बाबांना आणताना आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही केली होती, आठवतंय? त्या हमीमुळे सरकारी मदतीचा अर्ज करताना तुमचं उत्पन्न मोजलं जाऊ शकतं. वकिलाला हा फॉर्म दाखवा.

## ७. हॉस्पिटलमध्ये विचारायचा एक प्रश्न

मेडिकेअर नर्सिंग होमचे पैसे एकाच परिस्थितीत देतं: पारंपरिक मेडिकेअर (खासगी कंपनीमार्फत न घेतलेलं) असताना हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस 'इनपेशंट' म्हणून दाखल राहिल्यावर, नर्स किंवा थेरपिस्टची रोज गरज असेल तर, जास्तीत जास्त १०० दिवस. पहिले २० दिवस फुकट, पुढे २०२५ च्या दराने दिवसाला २०९.५० डॉलर आपले.

खुबा मोडून आलेली आई चार रात्री हॉस्पिटलच्या पलंगावर असते, हाताला सलाइन, मनगटाला पट्टा. कागदोपत्री मात्र ती 'ऑब्झर्व्हेशन'वर, म्हणजे बाहेरची रुग्ण असू शकते. मग पुढच्या नर्सिंग होमचं सगळं बिल घरी येतं. दाखल झाल्याच्या दिवशीच विचारा: "ती इनपेशंट आहे की ऑब्झर्व्हेशन?" रोज विचारा. ऑब्झर्व्हेशन २४ तासांच्या वर गेलं तर हॉस्पिटलने लेखी नोटीस द्यायची असते. तिच्यावर सही मागतात तेव्हा गडबडीत करून मोकळे होऊ नका, डॉक्टरांना बोलावून दर्जा बदलता येईल का हे बोला.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सोशल वर्कर नर्सिंग होमची यादी हातात ठेवते आणि तासाभरात निवडा म्हणते. मेडिकेअरच्या 'केअर कंपेअर' संकेतस्थळावर प्रत्येकाला एक ते पाच तारे दिलेले असतात. एकूण ताऱ्यांपेक्षा कर्मचाऱ्यांचे तारे आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल वाचा.

## ८. फाइल तयार ठेवा

- पासपोर्ट (जुने-नवे), ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड
- मेडिकेअर व इतर विम्याची कार्डं
- औषधांची यादी, मागच्या वर्षाचे डॉक्टरांचे अहवाल, लशींच्या नोंदी
- बँकेची मागच्या पाच वर्षांची स्टेटमेंट्स, इथली आणि भारतातली
- पेन्शनचा कागद, फ्लॅटची कागदपत्रं, टॅक्स रिटर्न
- आय-८६४ ची प्रत
- आरोग्यासाठीची पॉवर ऑफ अॅटर्नी: राज्याचा छापील नमुना, एक साक्षीदार लागतो
- मालमत्तेसाठीची पॉवर ऑफ अॅटर्नी: नोटरी आणि एक साक्षीदार

शेवटचे दोन कागद आई-बाबांची समज शाबूत असतानाच करायचे. एकदा डॉक्टरांनी डिमेन्शिया पुढे गेल्याचं लिहिलं की प्रकरण कोर्टात पालकत्वाच्या अर्जापर्यंत जातं. भारतातल्या मालमत्तेसाठीचं मुखत्यारपत्र वेगळं लागतं, इथलं तिथे चालेल असं धरू नका.

## ९. आता इमारत बघायला जा

'जागा शोधायला फुकट मदत करतो' म्हणणाऱ्या प्लेसमेंट एजन्सीला कमिशन त्या संस्थांकडून मिळतं, त्यामुळे ती तुम्हाला सगळी ठिकाणं दाखवत नाही. यादी राज्याच्या आरोग्य खात्याची घ्या.

पहिली भेट त्यांच्या वेळेला, दुसरी न सांगता, संध्याकाळी साडेपाचच्या जेवणाला. शाकाहारी म्हणजे काय देता, हे मेन्यूवर नाही, ताटात बघा. बऱ्याच ठिकाणी उत्तर ग्रिल्ड चीज सँडविच आणि सॅलड असतं, आठवड्यातून सातही दिवस. घरचा डबा आणून फ्रीजमध्ये ठेवायला आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला परवानगी आहे का ते विचारा. खोलीत कुकर, शेगडी चालत नाही. देवापुढे निरांजन आणि उदबत्तीही नाही, बॅटरीची समई आधीच घेऊन ठेवा. रात्रपाळीला किती माणसांमागे एक मदतनीस, हा प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही मोजा.

## १०. करारावर सही करण्याआधी

भाड्याच्या आकड्यापलीकडे या गोष्टी लेखी मागा: एकदाच भरायची कम्युनिटी फी किती आणि परत मिळते का, मदतीच्या कोणत्या पातळीला किती जादा, औषधं देण्याचे वेगळे पैसे आहेत का, दुसऱ्या माणसाचे किती, मागच्या तीन वर्षांत भाडं किती वाढलं, हॉस्पिटलमध्ये असताना खोलीचं भाडं चालू राहतं का, पैसे संपल्यावर मेडिकेड घेता का.

नर्सिंग होमच्या कागदांत 'रिस्पॉन्सिबल पार्टी' अशी एक सहीची जागा असते. तिथे नुसती सही केली तर बिल तुमच्या अंगावर येऊ शकतं. प्रवेशासाठी मुलांची वैयक्तिक हमी मागायला केंद्राच्या नियमांनी बंदी आहे. सहीखाली 'पॉवर ऑफ अॅटर्नी म्हणून' असं लिहा.

## ११. राहायला गेल्यावर

पहिल्या महिन्यात केअर प्लॅनची बैठक मागून घ्या आणि ऐकू येण्याचं यंत्र, चष्मा, कवळी यांवर नाव घाला, या तीन गोष्टी सगळ्यात जास्त हरवतात. पहिली काही बिलं करारासमोर ठेवून ओळीनओळ तपासा. पातळी वाढवल्याचं कळवायच्या आधीच बिलात आलेलं असतं.

नर्सिंग होममध्ये खोलीत कॅमेरा लावायचा हक्क इलिनॉयच्या कायद्याने २०१६ पासून दिला आहे. आधी लेखी फॉर्म द्यायचा आणि खोलीत दुसरं कुणी असेल तर त्यांची संमती घ्यायची. तक्रार ऐकली जात नसेल तर राज्याचा लाँग टर्म केअर ओम्बड्समन मोफत मध्यस्थी करतो. त्याचा फलक प्रवेशद्वाराजवळ लावलेला असतो, नाहीतर वरच्याच हेल्पलाइनवर विचारा.

नातेवाईकांचे "वृद्धाश्रमात टाकलंत का?" हे फोन येतील. त्यांना आईशी व्हिडिओवर बोलायची वेळ ठरवून द्या, शक्यतो दुपारच्या जेवणानंतरची, कारण संध्याकाळी पाचला बिंगो असतो.